खेळण्यातले जुने वाफेचे इंजिन: आधी वय, मग सफाई, वाफ सर्वांत शेवटी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या एका जुन्या पेटीत आपल्याला आडव्या बॉयलरचे, खेळण्यातले वाफेचे इंजिन सापडले. त्याचा तळपाट फरशीसारखी नक्षी उठवलेल्या पत्र्याचा आहे, धुराड्यावर विटांचे चित्र आहे, बॉयलर काळा पडलेला आहे, फ्लायव्हील फिरत नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्ह घट्ट बसला आहे. भट्टीच्या पुढच्या पत्र्यावर तीन अक्षरांची एक झिजलेली खूण असून तिची शेवटची दोन अक्षरे ‘बी’ आणि ‘एन’ अशी वाचता येतात. तळाशी ‘डी. आर. जी. एम.’ असा ठसा आहे. स्पिरिटचा दिवा मात्र हरवलेला आहे. हे इंजिन किती जुने, ते नव्यासारखे कसे चकाकवावे आणि चालवता येईल का, असे आपण विचारले आहे.

हे तीन प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी त्यांची खरी अडचण एकच आहे, आणि ती म्हणजे कामाचा क्रम. अशा इंजिनाचे वय सांगणारा बहुतेक पुरावा त्याच्या पृष्ठभागावर असतो: रंगाचा थर, मुलामा, ठसे, स्क्रूंची डोकी, डाखाच्या (सोल्डरच्या) कडा. सफाईचा प्रत्येक हात यातला काही भाग पुसून टाकतो, आणि वाफ धरण्याच्या, म्हणजे बॉयलर पेटवून इंजिन वाफेवर चालवण्याच्या, खटपटीत जे भाग बदलले जातात, त्यांच्याबरोबर आणखी काही जातो. म्हणून माझ्या कामात वयाचा निर्णय पहिला, सफाई त्यानंतर आणि वाफ सर्वांत शेवटी येते. वाफ धरायचीच नाही, असा निर्णयही पुष्कळदा होतो. आपल्या इंजिनाबाबत यातले काय लागू पडेल ते त्याच्या अवस्थेवर अवलंबून आहे, आणि ती अवस्था मी पाहिलेली नाही. त्यामुळे मी निकाल सांगण्याऐवजी तो कसा लावावा हे सांगतो.

प्रथम खूण पाहू. ती पॉलिशने घासून उजळवू नका. अंधाऱ्या खोलीत टॉर्च पत्र्याच्या अगदी लगत, जवळजवळ समांतर धरा आणि चारही बाजूंनी छायाचित्रे घ्या. समोरून न दिसणारी अक्षरे तिरप्या उजेडात सावलीमुळे उठून दिसतात. शेवटचे ‘एन’ हे बहुधा न्यूरेंबर्गचे आहे, पण तेवढ्यावरून निर्माता ठरत नाही, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते शहर पत्र्याच्या खेळण्यांचे मोठे केंद्र होते. बिंग, कारेट, प्लांक, शोनर, फाल्क, डॉल असे अनेक कारखाने तिथलेच. त्यांतल्या कारेटच्या खुणेतही ‘एन’ येतो. निर्णायक आहे ते मधले ‘बी’. ते खरोखर ‘बी’च असेल, तर पूर्ण खूण ‘जी. बी. एन.’ म्हणजे गेब्रुडर बिंग, न्यूरेंबर्ग अशी वाचायला हरकत नाही. पहिल्या महायुद्धानंतर, साधारण १९१९ च्या सुमारास, या कंपनीने ‘बी. डब्ल्यू.’ (बिंग वेर्के) ही खूण वापरायला सुरुवात केली आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी तिचा कारभारच आटोपला.

‘डी. आर. जी. एम.’ हा ठसा पेटंटचा नाही. छोट्या उपयुक्त सुधारणांची नोंदणी करण्याची सोय जर्मनीत १८९१ च्या कायद्याने झाली, त्या नोंदणीची ही खूण आहे. म्हणजे ज्या भागावर ती आहे तो भाग १८९१ च्या आधीचा असू शकत नाही. दोन्ही खुणा मूळच्या ठरल्या तर आपल्या इंजिनाचा काळ १८९१ ते साधारण १९१९ असा बांधला जातो. अठ्ठावीस वर्षांचा हा पल्ला आपल्याला फार लांब वाटेल, पण तो आणखी आखडायला वेगळा पुरावा लागतो. एखादे वर्ष मनाने ठरवून पाटीवर लिहिण्यापेक्षा हा पल्लाच प्रामाणिकपणे लिहिलेला बरा.

या संदर्भात एक गल्लत फार वेळा होते. ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्याने आणि अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव असणे महत्त्वाचे झाले. त्यावरून ‘जर्मनी’ हा शब्द नसेल तर इंजिन त्याआधीचे, असा उलटा निष्कर्ष काढला जातो. तो टिकत नाही. जर्मनीतच विकल्या गेलेल्या मालावर तो शब्द लागत नव्हता, आणि निर्यातीच्या मालावरही तो कधी केवळ खोक्यावर किंवा कागदी चिठ्ठीवर असे. खूण असणे हा पुरावा होतो, पण खूण नसणे हा पुरावा होत नाही. तसेच विक्रेत्याचे नाव म्हणजे निर्मात्याचे नाव नव्हे. नॉर्थहॅम्प्टनची बॅसेट-लोक ही कंपनी बिंग आणि कारेट यांचा माल आपल्या नावाने विकत असे, त्यामुळे इंग्रजी नावाची पट्टी असलेले इंजिन जर्मन निघाले तर आश्चर्य मानू नये.

खुणेनंतर जडणघडण पाहावी. इथे माझा नियम असा की इंजिनाचा प्रत्येक भाग स्वतंत्र साक्षीदार समजावा आणि सगळ्यांच्या जबान्या जुळतात का ते तपासावे. चौफुली खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतर प्रचारात आले, तेव्हा तसा स्क्रू दिसला की तो भाग कधीतरी उघडला गेला होता एवढे कळते. क्रोमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर १९२०च्या दशकाच्या मध्यापासून होऊ लागला. त्याआधीची चकाकी निकेलची असते आणि तिच्यात किंचित पिवळसर ऊब असते, तर क्रोम निळसर आणि थंड दिसतो. घन इंधनाच्या वड्यांसाठी बनवलेला ट्रे असेल तर तो १९३६ मध्ये एस्बिटच्या वड्या बाजारात आल्यानंतरचा मानायला हरकत नाही. आपल्याकडे दिवाच नाही, त्यामुळे हा साक्षीदार गैरहजर आहे. दिव्याची जागा किती उंच आणि किती रुंद आहे हे मात्र मोजून ठेवा, कारण पुढे त्याची गरज पडेल.

काही गोष्टींवरून वय ठरवू नये. झुलत्या सिलिंडरची रचना साधी आणि स्वस्त, तर स्थिर सिलिंडर आणि सरकत्या व्हॉल्व्हची रचना महाग, एवढाच त्यांच्यातला फरक आहे. दोन्ही प्रकार एकाच काळात, एकाच कारखान्यात, वेगवेगळ्या किमतींच्या खेळण्यांसाठी वर्षानुवर्षे बनत होते. फरशीची नक्षी आणि विटांचे धुराडेही तसेच. त्यांवरून जर्मन घडणीकडे बोट दाखवता येते, दशक सांगता येत नाही. मात्र विटा हाताने रंगवलेल्या आहेत की पत्र्यावर छापलेल्या, हे भिंगातून जरूर पाहा. छपाईत रेघा एकसारख्या असतात आणि कधीकधी रंगांचे थर एकमेकांवरून किंचित सरकलेले दिसतात. हाताच्या कामात कुंचल्याची सुरुवात आणि शेवट कळतो.

पल्ला खऱ्या अर्थाने आखडतो तो जुन्या कॅटलॉगांमुळे. या कारखान्यांची अनेक कॅटलॉगे पुनर्मुद्रित झालेली आहेत आणि त्यांत एकाच घडणीची इंजिने आकारांच्या चढत्या क्रमाने दिलेली असतात. म्हणून बॉयलरचा व्यास आणि लांबी, फ्लायव्हीलचा व्यास, तळपाटाची लांबी-रुंदी आणि धुराड्यासकट उंची मिलिमीटरमध्ये मोजा. जुळणारी आकृती सापडल्यावरही लक्षात ठेवा की एकच मॉडेल अनेक वर्षे कॅटलॉगमध्ये राहत असे आणि दुकानात उरलेला माल त्यानंतरही विकला जाई. आपल्याला कळते ते मॉडेल कोणत्या वर्षांत विक्रीला होते एवढेच. इंजिनाच्या जन्माची तारीख त्यातून निघत नाही.

आता काळ्या बॉयलरकडे येतो, कारण आपल्या पत्रातले मला सर्वांत धोक्याचे वाटलेले वाक्य ‘काळा पडलेला बॉयलर घासून पितळ बाहेर काढणार आहे’ हे आहे. बिंग, मार्कलिन आणि इतर जर्मन निर्माते आपल्या अनेक पितळी बॉयलरांना मुद्दाम निळसर-काळी छटा देत असत. ते मूळचे सजावटीचे काम होते, मळ नव्हे. काळाने ती छटा उतरते, तपकिरी पडते, ठिकठिकाणी खालचे पितळ दिसू लागते, आणि मग पाहणाऱ्याला ती काजळी वाटते. पॉलिशचा पहिला हात बसला की ती गेली. पुन्हा तशी छटा देता येते, पण ती नवी असते आणि जाणकाराला ओळखू येते. संग्राहक मूळ छटेच्या झिजलेल्या बॉयलराला घासून लखलखीत केलेल्या बॉयलरापेक्षा जास्त मान देतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

तेव्हा आधी परीक्षा करा. बॉयलरला भट्टीवर धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखाली किंवा धुराड्याच्या बैठकीलगत, म्हणजे जिथे हात आणि धूर पोहोचत नाही, तिथे पाहा. तिथे एकसारखी, गुळगुळीत निळसर-काळी झाक असेल तर ती मूळची. तिथे स्वच्छ पितळ असेल आणि काळेपणा फक्त ज्योतीच्या बाजूला असेल तर ती काजळी. काजळी कोमट पाण्यात सौम्य साबणाचे थेंब घालून, ओलसर मऊ कापडाने निघते. तिच्यासाठी पॉलिश लागत नाही.

पितळ खरोखरच उघडे ठेवलेले निघाले तरी अमोनियायुक्त पॉलिश वापरू नका. दाबून, ओढून घडवलेल्या पितळी पत्र्यात ताण साठलेला असतो, आणि अमोनियाच्या संपर्काने असे पितळ तडकते. ब्रिटिशकालीन हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या आपोआप चिरत असत, त्याचे कारण हेच होते: जनावरांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया. काडतुसाची नळी आणि आपला बॉयलर या दोन्ही गोष्टी ओढलेल्या पितळाच्याच आहेत.

छापील किंवा रंगीत पत्र्याच्या सफाईत संयम हेच खरे हत्यार. कापसाच्या बोळ्याला किंचित ओलावा देऊन तळपाटाच्या एका कोपऱ्यात करून पाहा. बोळ्यावर मळ आला तर पुढे जा, रंग आला तर तिथेच थांबा. स्पिरिट, थिनर, ॲसिटोन यांना रंगाच्या जवळपासही आणू नका. गंजाची सुटी पूड मऊ ब्रशने काढावी आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. गंज काळा करणारी रसायने मी रंगीत पत्र्यावर कधीच वापरत नाही, कारण ती गंजाच्या कडेचा चांगला रंगही डागाळतात. पुन्हा रंगवण्याबद्दल माझे मत ठाम आहे: छापील पत्रा रंगवू नये. हाताने रंगवलेल्या भागात टवका उडाला असेल, तर आधी वॉर्निशचा थर देऊन त्यावर पुसता येणाऱ्या रंगाने तेवढीच जागा मिळतीजुळती करावी, म्हणजे पुढच्या माणसाला ती काढता येईल. हे काम करताना दोन सावधगिरी बाळगा. जुन्या रंगात आणि डाखात शिसे असते, आणि जुन्या दोऱ्यांत, वॉशरांत किंवा दिव्याच्या वातीत ॲसबेस्टॉस असू शकते. कोरडे घासकाम टाळा, असा भाग ओला करूनच हाताळा आणि मुलांना तोवर दूर ठेवा.

फ्लायव्हील न फिरण्यामागे बहुतेक वेळा दट्ट्या सिलिंडरात चिकटलेला असतो, आणि चिकटवणारा पदार्थ म्हणजे वाळून डिंकासारखे झालेले जुने तेल. फ्लायव्हील जोराने फिरवू नका, कारण आधी वाकतो तो दट्ट्याचा दांडा किंवा क्रँक. सिलिंडराच्या तोंडाशी आणि दांड्याच्या ग्लँडपाशी (दांडा बाहेर येतो तिथल्या, वाफ अडवणाऱ्या जोडापाशी) गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचा थेंब-थेंब टाका, एक दिवस राहू द्या, मग हेअर ड्रायरने सिलिंडर कोमट करा आणि फ्लायव्हील केसभर पुढे, केसभर मागे असे हलवा. गरज पडल्यास हे पुन्हा करा. त्याआधी फ्लायव्हील आणि इतर ओतीव भाग नीट न्याहाळा. ओतीव जस्ताच्या भागावर बारीक तडे, फुगवटा किंवा पापुद्रे दिसले तर ते जस्ताच्या मिश्रधातूतील शिशाच्या अत्यल्प भेसळीने होणारे आतले कुजणे आहे. त्यावर इलाज नाही, असा भाग हाताने फिरवतानाही फुटू शकतो. तो जपून ठेवावा आणि चालवण्यासाठी नवा भाग बनवून घ्यावा. जस्ताचा ओतीव भाग दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या मालात जास्त आढळतो, म्हणून १९१९ च्या आधीच्या म्हणवणाऱ्या इंजिनावर तो मिळाला तर वयाचा हिशेबही पुन्हा तपासावा लागतो.

सेफ्टी व्हॉल्व्हला पकड लावू नका. त्याच्या मुळाशी तेल सोडा, उबवा आणि चामड्याचा तुकडा मध्ये घालून हाताने प्रयत्न करा. तो निघाला तरी वाफेसाठी त्याच्यावर विसंबू नये. शंभर वर्षांच्या स्प्रिंगचा ताण काय उरला आहे हे बाहेरून कळत नाही. मूळ व्हॉल्व्ह पिशवीत चिठ्ठी लावून ठेवावा आणि त्याच आट्यांचा नवा, माहीत दाबावर उघडणारा व्हॉल्व्ह बसवावा. आट्यांचे माप स्क्रू-गेजने घ्या. जुन्या कारखान्यांची मापे आजच्या प्रमाणित मापांशी जुळतीलच असे नाही, आणि जवळपासचा स्क्रू जबरीने बसवला तर बॉयलराच्या आट्या कायमच्या जातात.

इथपर्यंतच्या कामाने इंजिनाचा काळ बांधला गेला, पृष्ठभाग स्थिर झाला आणि यंत्र हाताने फिरू लागले. पुष्कळ इंजिनांसाठी मी इथेच थांबण्याचा सल्ला देतो. वाफेशिवाय हालचाल पाहायची हौस असेल तर सिलिंडराच्या वाफ येण्याच्या नळीला थेट, अगदी कमी दाबाची हवा जोडून इंजिन फिरवता येते. ती हवा बॉयलरातून मात्र नेऊ नका. दाबलेल्या हवेत उर्जा साठलेली असते आणि कमकुवत शिवण फुटली तर पत्रा उडतो.

वाफेचा निर्णय बॉयलरच्या आतून सुरू होतो. छोट्या टॉर्चने आणि आरशाने आत पाहा. पांढरा क्षार साचला असेल तर कोमट पाण्यातील सुमारे पाच टक्के सायट्रिक ॲसिडने तो सुटतो, नंतर अनेकदा स्वच्छ पाण्याने धुवावे. क्षार निघाल्यावर पूर्वी नसलेली गळती दिसू लागली तर घाबरू नका. बारीक छिद्रे क्षारानेच बुजलेली होती, एवढाच त्याचा अर्थ. पितळावर गुलाबी, तांब्यासारखे डाग दिसले तर ती गंभीर गोष्ट आहे. तिथले जस्त निघून गेलेले असते आणि मागे सच्छिद्र तांबे उरलेले असते. असा बॉयलर मी पेटवत नाही, मालकाने कितीही आग्रह केला तरी.

बाकी ठीक असेल तर थंड पाण्याची दाबचाचणी करावी. बॉयलर काठोकाठ भरावा, आत हवेचा बुडबुडाही राहू नये, आणि दाबमापक लावलेल्या हातपंपाने दाब हळूहळू वाढवावा. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे शिवण सुटली तरी फक्त धार येते. अशा खेळण्यांचा कामाचा दाब साधारण एक ते दीड बार असतो (एक बार म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबावर जवळजवळ तेवढाच जादा दाब), आणि प्रथेप्रमाणे चाचणी त्याच्या दुपटीने घेतात. ज्याचा इतिहास माहीत नाही अशा मऊ डाखाच्या बॉयलरासाठी मी नवा सेफ्टी व्हॉल्व्ह एक बारच्या आतच उघडेल असा निवडतो आणि चाचणी दोन बारला घेतो. पंधरा मिनिटे काटा ढळला नाही आणि टोकाच्या चकत्या फुगल्या नाहीत, तरच पुढे जायचे.

मऊ डाखाबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कथिल आणि शिशाचा डाख १८३ अंश सेल्सियसच्या आसपास वितळू लागतो. एक बार दाबाला आतले पाणी सुमारे १२० अंशांवर असते, म्हणून पाणी आहे तोवर शिवण सुरक्षित राहते. पाणी आटले की पितळ ज्योतीच्या तापमानाकडे धावते आणि डाख पाझरतो. या खेळण्यांचे बहुतेक बॉयलर असेच, पाण्याविना पेटत राहून मेलेले आहेत. म्हणूनच हरवलेल्या दिव्याऐवजी मिळेल तो दिवा लावू नका. मोठी ज्योत म्हणजे जास्त ताकद नव्हे, तर लवकर कोरडा पडणारा बॉयलर. भट्टीच्या मापात बसेल आणि ज्योत बाजूने वर उसळणार नाही असा वातींचा छोटा दिवा घ्या. स्पिरिट इतकेच घाला की ते संपेल तेव्हा बॉयलरात किमान एक चतुर्थांश पाणी शिल्लक असेल. हे माप पहिल्या एक-दोन वेळी मोजूनच ठरवावे लागते. पेटत्या किंवा गरम दिव्यात स्पिरिट कधीही ओतू नये.

पाणी क्षारविरहित घ्या आणि बॉयलर तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नका. दट्ट्याला घट्ट स्टीम सिलिंडर ऑइल आणि बेअरिंगला हलके मशीन ऑइल लागते. गाडीचे गिअर ऑइल वापरू नका, त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी पितळ काळवंडते. काम संपल्यावर बॉयलर कोमट असतानाच रिकामा करा, सेफ्टी व्हॉल्व्ह काढून आतली ओल सुकू द्या आणि सिलिंडरात तेलाचा थेंब टाकून फ्लायव्हील दोन-चार वेळा फिरवा.

आता आपल्याकडून मला पुढील गोष्टी कळल्या तर अधिक नेमके सांगता येईल: खुणेची तिरप्या उजेडातली छायाचित्रे, मिलिमीटरमधली मापे, बॉयलरच्या पट्टीखालच्या रंगाचे जवळून घेतलेले छायाचित्र, आणि तळपाट उलटा करून खालच्या बाजूचा फोटो. खाली कधीकधी कॅटलॉगचा क्रमांक उमटवलेला किंवा लिहिलेला असतो. तो सापडला तर १८९१ ते १९१९ हा पल्ला काही वर्षांवर येऊ शकतो. तोपर्यंत पॉलिशची डबी उघडू नका आणि व्हॉल्व्हला फक्त तेल देऊन ठेवा.